मेणाचं रॉकेट: हिशोबात न बसलेल्या एका आकड्याचं प्रकरण

हायब्रीड रॉकेटचा विषय निघाला की मी पोरांना हे एकच प्रकरण सांगतो, कारण घन इंधनाची टेस्टिंग म्हणजे नेमकं काय, त्यात माणूस कुठे फसतो आणि कुठे हाताला काहीतरी खरं लागतं, हे सगळं यात आहे. प्रकरण कॅलिफोर्नियातलं, साधारण १९९५ ते २००४ या दहा वर्षांतलं. मुख्य पात्र मेण. लोडशेडिंगच्या रात्री फळीवरून शोधून काढायचो ना आपण, त्याच पॅराफिन मेणाचं जरा शुद्ध आणि जास्त तापमानाला वितळणारं भावंड.

आधी थोडं हायब्रीडबद्दल. इंधन घन असतं, नळकांड्यात ओतलेलं, मधून आरपार भोक, त्या भोकाला पोर्ट म्हणतात आणि इंधनाच्या त्या ठोकळ्याला ग्रेन. ऑक्सिडायझर वेगळ्या टाकीत, द्रव ऑक्सिजन नाहीतर नायट्रस ऑक्साइड. व्हॉल्व्ह उघडला की तो पोर्टमधून वाहतो, पेटवलं की भोकाची भिंत आतून बाहेर जळत जाते, व्हॉल्व्ह बंद केला की आग विझते. दिवाळीतल्या रॉकेटची वात एकदा पेटली की तुमच्या हातात काही उरत नाही, मोठ्या सॉलिड मोटरचं, म्हणजे नुसत्या घन इंधनाच्या रॉकेट इंजिनाचंही तेच, पण हायब्रीड मधेच बंद करता येतं, जोर कमीजास्त करता येतो, आणि इंधन-ऑक्सिडायझर आधी कालवलेलं नसल्यामुळे गोदामात पडलेलं इंधन म्हणजे नुसता रबराचा नाहीतर मेणाचा गोळा. कल्पनाही नवीन नाही, १७ ऑगस्ट १९३३ ला मॉस्कोजवळ नाखाबिनोला रशियनांनी गिर्द-०९ उडवलं होतं, घट्ट केलेलं पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन घालून, ४०० मीटर वर गेलं ते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पोरं "हायब्रीड सेफ असतं" एवढंच ऐकतात. सेफ आहे ते इंधन. ऑक्सिडायझरचं तसं नाही. २६ जुलै २००७ ला मोहावीच्या वाळवंटात नायट्रस ऑक्साइडच्या नुसत्या फ्लो टेस्टमध्ये स्फोट झाला आणि तीन माणसं गेली, मोटर पेटवलेलीसुद्धा नव्हती. हे डोक्यात पक्कं ठेवूनच पुढचं वाचा.

मग एवढं चांगलं असून सगळीकडे हायब्रीडच का नाही? कारण इंधन हळू जळतं. पोर्टची भिंत सेकंदाला किती मिलिमीटर मागे सरकते त्याला रिग्रेशन रेट म्हणतात, आणि नेहमीचं इंधन म्हणजे एचटीपीबी रबर, त्याचा हा रेट बहुतेक वेळा १ मिमीच्या आतच राहतो. का, ते मार्क्समन आणि गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये मांडलं. चुलीत फुंकणीने फुंकलं की निखारा लाल होतो, तसं इथेही जास्त ऑक्सिडायझर आत ढकलला की इंधन जास्त जळतं, इथपर्यंत ठीक. पण ज्योत इंधनाला चिकटून नसते, थोडी वर तरंगत असते. तिची उष्णता खाली भिंतीपर्यंत पोचते, भिंतीचं रबर तुटून वाफ होतं, आणि हीच वाफ वर येताना खाली येणाऱ्या उष्णतेला मागे रेटते. म्हणजे इंधन जितकं जास्त वाफ सोडणार तितका स्वतःचाच रस्ता अडवणार. त्यामुळे नुसतं रबर बदलून, थोडं हे घाल थोडं ते घाल करून फार फरक पडत नाही, आणि तीस वर्षं लोक तेच करत होते.

हळू जळतं म्हणजे पुरेसा थ्रस्ट, म्हणजे रॉकेटला पुढे रेटणारा जोर हवा असेल तर जळणारा पृष्ठभाग वाढवायला लागतो, म्हणून एका भोकाऐवजी बैलगाडीच्या चाकासारखी आऱ्या-आऱ्यांची भोकं पाडतात. मग भोकांनीच अर्धी जागा खाल्ली, इंधन कमी मावलं, आणि जळत जळत भोकांच्या मधल्या भिंती पातळ झाल्या की शेवटी शेवटी त्यांचे तुकडे सुटून नोझलकडे, म्हणजे गॅस बाहेर पडायच्या मागच्या अरुंद तोंडाकडे निघतात. म्हणून थोडं इंधन न जाळता तसंच शिल्लक ठेवायला लागतं. मोठ्या हायब्रीडचं सगळं रडगाणं या एका रिग्रेशन रेटपाशी येऊन थांबतं.

आता प्रकरण.

अमेरिकन हवाई दलाची रिसर्च लॅब कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर गोठवलेल्या इंधनांवर काम करत होती, त्यात एक होतं पेंटेन. पेंटेन आपल्या खोलीत द्रव, पण उणे १३० अंश सेल्सिअसच्या आसपास घन होतं. ते गोठवून, त्याचं ग्रेन करून, जाळून बघितलं. जास्त वेगाने जळेल हे सगळ्यांना अपेक्षितच होतं, कारण पेंटेनची वाफ करायला उष्णता कमी लागते. पण जुन्या थिअरीने जेवढं जास्त यायला हवं होतं त्याच्याही कितीतरी वर आकडा आला.

मला या प्रकरणातली ही जागा सगळ्यात जास्त आवडते. कारण असा आकडा आला की बहुतेक ठिकाणी काय होतं हे मी बघितलेलं आहे, "सेन्सर बघा", "वजन परत करा", "आउटलायर आहे, काढा ग्राफमधून". आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही असतं. इथे मात्र स्टॅनफर्डच्या तिघांनी तो आकडा खरा धरला, म्हणजे आरिफ काराबेयोग्लू, जो तेव्हा पीएचडी करत होता, त्याचे प्रोफेसर ब्रायन कँटवेल, आणि डेव्हिड ऑल्टमन, जे रॉकेटच्या धंद्यात आधीच अनेक वर्षं मुरलेले होते. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. इंधन भिंतीवरून वाफ होऊन जातंय हे आपण धरून चाललोय, पण ते दुसऱ्या कुठल्या वाटेने जात असेल तर?

दुसरी वाट त्यांना सापडली ती अशी. पेंटेन वाफ व्हायच्या आधी वितळतं. भिंतीवर द्रवाचा एक पातळ थर तयार होतो, मिलिमीटरचाही छोटा भाग. आणि त्या थरावरून ऑक्सिडायझरचा झंझावात चाललेला. आता ज्याने आषाढात मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्र बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. वारा वाढला की आधी पाण्यावर सुरकुत्या, मग लाटा, मग लाटेच्या माथ्यावरूनच तुषार तुटून वाऱ्याबरोबर जातात. तेच इथे होतं. द्रवाच्या थरावर लाटा उठतात, माथे तुटतात, थेंब थेट ज्योतीत जाऊन पडतात. या थेंबांना भिंतीपाशी वाफ व्हायची गरजच नाही, त्यामुळे वाफेने उष्णता अडवण्याचा जो सगळा खेळ आहे त्याला हे इंधन बगल देतं. फक्त वितळवण्यापुरती उष्णता भिंतीपर्यंत पोचली की झालं.

पण नुसतं वितळणं पुरेसं नाही, आणि खरी हुशारी इथे आहे. पॉलिथिलीनही वितळतं, आपली पिशवी ज्योतीवर धरली की आकसून काळा गोळा होतो ना, तो वितळलेलाच असतो. पण ते पॉलिथिलीन इतकं घट्ट, काकवीपेक्षाही चिकट असतं की त्याच्यावर लाटा उठून थेंब तुटणं जवळपास होतच नाही. म्हणून पॉलिथिलीनचं ग्रेन रबरासारखंच हळू जळतं. म्हणजे थर पातळ द्रवाचा हवा, कमी चिकट आणि कमी पृष्ठताणाचा.

मग त्यांनी एकाच घराण्याकडे बघितलं. मिथेन, पेंटेन, रॉकेल, मेण, पॉलिथिलीन, हे सगळे कार्बनच्या साखळीचेच प्रकार, फक्त साखळी लांब होत जाते. पेंटेनची साखळी ५ कार्बनची, पॉलिथिलीनची हजारोंची. एका टोकाला वितळल्यावर छान पातळ पण ठेवायला उणे १३० अंश लागतात, दुसऱ्या टोकाला खोलीत दणकट घन पण वितळल्यावर घट्ट. मधे कुठेतरी अशी जागा असणार जिथे पदार्थ खोलीत घन राहील आणि वितळल्यावर पाण्यासारखा पातळ होईल. ती जागा ३० कार्बनच्या आगेमागे येते, आणि तिथे कोण बसलंय तर पॅराफिन मेण. स्वस्त, बिनविषारी, कुठेही मिळणारं. मेण रॉकेटमध्ये जाळून बघू म्हणणारं कोणी आधी नसेलच असं नाही, पण का जाळायचं हे माहीत असून जाळणारे हे पहिले.

आता टेस्टिंग. इथे जरा रेंगाळतो, कारण पोरांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं.

आधी ग्रेन ओतणं. मेण गार होताना आकसतं, आणि थोडंथोडकं नाही, पूर्ण द्रवापासून गार घनापर्यंत आकारमानात १५ टक्क्यांच्या आसपास. घरी करून बघा, वाटीत वितळलेलं मेण ओता, बाजूने आधी थिजतं, मधे खोल खळगा पडतो आणि कधी आत पोकळ्या राहतात. ग्रेनमध्ये अशी पोकळी किंवा चीर राहिली की जळताना तिथे अचानक जास्त पृष्ठभाग उघडा पडतो आणि दाब उसळतो, टेस्ट वाया. म्हणून नळकांडं आडवं ठेवून फिरवत फिरवत ओततात, फिरण्याच्या जोराने मेण भिंतीला चिकटून थिजतं आणि मधे आपोआप गोल पोर्ट तयार होतो. दुसरी गोष्ट, त्यात काजळी घालतात. पांढरं मेण अर्धपारदर्शक असतं, ज्योतीचा उजेड आणि उष्णता आत शिरते आणि मेण आतल्या आत मऊ पडतं. काजळीने काळं केलं की उष्णता पृष्ठभागावरच अडते. स्टॅनफर्डचं मेण काळंच असायचं.

मग मोजमाप. रिग्रेशन रेट थेट दिसत नाही, बहुतेक वेळा तो वजनावरून काढतात. मांडणीसाठी आकडे घेऊ. ग्रेन ३० सेंमी लांब, पोर्ट ५ सेंमी व्यासाचा, ऑक्सिजन सेकंदाला ३४० ग्रॅम, ८ सेकंद जाळलं आणि वजन ९०० ग्रॅमने घटलं. मेणाची घनता ०.९२ धरली तर गेलेलं आकारमान ९७८ घन सेंमी, त्यावरून शेवटचा व्यास येतो ८.१६ सेंमी, म्हणजे भिंत १५.८ मिमी सरकली, भागिले ८, सेकंदाला जवळजवळ २ मिमी. छान वाटतं.

आता यात किती ठिकाणी खड्डे आहेत बघा. ८ सेकंद कुठून कुठपर्यंत? दाबाचा ग्राफ सरळ उभा चढत नाही आणि सरळ उभा उतरतही नाही, शेवटी शेपटी असते. तुम्ही ७.५ सेकंद धरले तर तोच रेट २.१ होतो. व्हॉल्व्ह बंद करून नायट्रोजन सोडून आग विझवली, पण चेंबर तापलेलंच असतं आणि मेण वितळून खाली गळत राहतं. ते ५० ग्रॅम गळालं असेल तर जळलेलं ८५० च, आणि रेट १.९ वर येतो. रबराला हा त्रास नाही, मेणाला आहे, म्हणून टेस्ट संपल्या संपल्या किती गळालं तेही गोळा करून तोलायचं असतं आणि नोंदवहीत लिहायचं असतं.

आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे फ्लक्स. फ्लक्स म्हणजे पोर्टच्या प्रत्येक चौरस सेंमीमधून सेकंदाला जाणारा ऑक्सिडायझर. वरच्या टेस्टमध्ये सुरुवातीला तो १७ ग्रॅम होता, पोर्ट रुंदावत गेला तसा शेवटी ६.५ वर आला. एकाच टेस्टमध्ये एवढा फरक! मग रिग्रेशनचा हा एक ठिपका ग्राफवर कुठल्या फ्लक्ससमोर मांडायचा? सुरुवातीच्या आणि शेवटच्या फ्लक्सची सरासरी काढली तर येतात १२, सरासरी व्यासावरून काढला तर १०. दोन टीमनी एकच मोटर जाळली आणि दोन पद्धतींनी सरासरी काढली तर दोघांची इंधनं वेगळी वाटतील, आणि वाटलेलीही आहेत. व्यासाची सरासरी बरी पडते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठली घेतली ते लिहा. मी पोरांच्या रिपोर्टमध्ये ग्राफच्या आधी ही एक ओळ शोधतो, नसेल तर पुढे वाचत नाही.

स्टॅनफर्डच्या छोट्या मोटरमध्ये मेणाचा रेट रबराच्या तिप्पट-चौपट आला. थिअरीने सांगितलेलं तेच. पण एवढ्यावर कोणी रॉकेट बांधत नाही, आणि बांधूही नये. हायब्रीडमध्ये छोट्या मोटरचा आकडा मोठ्या मोटरमध्ये तसाच उतरेल याची खात्री नसते, रबराच्या बाबतीत लोकांचे हात त्यात पोळलेले होते, छोट्यात छान दिसलेला रेट मोठ्यात घसरलेला होता. मेणाच्या बाबतीत तर शंका अजून रास्त होती, कारण इथे सगळा खेळ लाटा आणि थेंबांचा. दोन बोटांएवढ्या पोर्टमध्ये तुटणारे थेंब वीतभर पोर्टमध्येही तसेच तुटतील का?

त्यासाठी स्टॅनफर्डपासून गाडीने थोडक्या वेळात गाठता येईल अशा नासा एम्स सेंटरमध्ये हायब्रीड कंबशन फॅसिलिटी उभी राहिली, २००१ पासून तिथे मेणाच्या टेस्ट सुरू झाल्या. ६० वातावरणांपर्यंत दाब, सेकंदाला १६ किलोपर्यंत ऑक्सिजन सोडायची सोय. कॉलेजच्या टेबलावरच्या मोटरशी तुलनाच नाही. काराबेयोग्लू, कँटवेल यांच्याबरोबर नासाचे ग्रेग झिलियाक होते, आणि २००४ मध्ये त्यांनी निकाल छापला. मोठ्या मोटरचे ठिपके छोट्या मोटरच्याच रेषेवर पडले. फ्लक्सचा ०.६२ वा घात घ्यायचा, ०.४८८ ने गुणायचं, की सेकंदाला मिलिमीटर मिळतात (फ्लक्स ग्रॅम, चौरस सेंमी आणि सेकंदात). फ्लक्स १० घातला तर २ मिमीच्या किंचित वर. छोट्या आणि मोठ्या मोटरला एकच सूत्र लागू पडणं, मला विचाराल तर या प्रकरणातला खरा शोध हाच. मेण जोरात जळतं हे लॅबमध्येच कळलं होतं, त्यावर विसंबून डिझाइन करता येतं हे एम्समध्ये कळलं.

त्या ०.६२ मध्ये अजून एक गंमत आहे. हा घात बरोबर ०.५ असता तर गोल पोर्ट रुंदावताना फ्लक्स जितका घटतो तितकाच जळणारा पृष्ठभाग वाढून भरपाई होते आणि इंधनाचा प्रवाह कायम राहतो. ०.६२ ला तसं होत नाही, व्यास दुप्पट होईपर्यंत इंधनाचा प्रवाह साधारण १५ टक्के उतरतो, म्हणजे मिश्रण हळूहळू ऑक्सिजनकडे झुकतं. मोठं दुखणं नाही, पण डिझाइनमध्ये आधीच धरायला लागतं. आणि बदल्यात काय मिळतं? आऱ्यांचं चाक गेलं, मधे एकच गोल भोक, बाकी सगळं इंधन.

आता मेणाच्या उणिवाही सांगायला पाहिजेत, नाहीतर हे जाहिरातीसारखं होईल. जे थेंब तुटून ज्योतीत जातात ते सगळे जळतातच असं नाही, काही तसेच नोझलमधून बाहेर जातात, म्हणून ग्रेनच्या मागे मिसळायला मोकळी जागा ठेवायला लागते. दुसरं, मेण ठिसूळ. लाँचचे धक्के, थंडी-गरमी, यात तडे जातात. मग ताकदीसाठी त्यात पॉलिमर घालतात, आणि लगेच वितळलेलं मेण घट्ट होऊन थेंब कमी तुटतात, रेट पडतो. जर्मनीत लांपोल्ड्सहाउजेनला डीएलआर या तिथल्या अवकाश संस्थेच्या लोकांनी काचेची खिडकी असलेल्या बर्नरमध्ये, हाय स्पीड कॅमेऱ्याने, वेगवेगळ्या घट्टपणाच्या मेणांवर हे थेंब आणि तंतू तुटताना टिपलेत, आणि घट्टपणा वाढला की रेट उतरतो हे आकड्यात दाखवलंय. काराबेयोग्लूने कागदावर मांडलेल्या लाटा अशा खऱ्याखुऱ्या फोटोत बघायला मिळाल्या तेव्हा मला स्वतःला फार आनंद झाला होता. तिसरं म्हणजे दाबाचे हेलकावे, मेण-नायट्रस जोडीच्या मोठ्या मोटरमध्ये त्यांनी टीमना बराच काळ छळलंय.

तरी गाडी पुढे गेली. श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी ८ नोव्हेंबर २०१६ ला स्वीडनमधल्या एसरेंजवरून हेरोस ३ उडवलं, मेण आणि नायट्रस, ३२.३ किमी. विद्यार्थ्यांनी, हं. त्यांच्या आधीच्या वर्षीचं रॉकेट हवेत फसलं होतं. आणि ३ मे २०२४ ला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूनिब्बावरून हायइम्पल्स या जर्मन कंपनीचं १२ मीटर लांबीचं एसआर७५ उडालं, मेण आणि द्रव ऑक्सिजन, ७५ किलोन्यूटनची मोटर.

आपल्याकडे इस्रोने २० सप्टेंबर २०२२ ला महेंद्रगिरीला ३० किलोन्यूटनची हायब्रीड मोटर १५ सेकंद जाळली, पण इंधन एचटीपीबी आणि वर द्रव ऑक्सिजन. मेण का नाही, असं पोरं लगेच विचारतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. एचटीपीबी इस्रोच्या हाताखालून वर्षानुवर्षं गेलंय, सॉलिड मोटरमध्ये तेच रबर, ओतायचं कसं, चिकटवायचं कसं, दहा वर्षांनी त्याचं काय होतं, सगळं माहीत. मेणाच्या मोठ्या ग्रेनबद्दल तेवढी माहिती हातात यायची असेल तर टेस्ट स्टँडवर बरेच दिवस घालवायला लागतील.

आणि त्यातली एक टेस्ट अशी आहे जी कॅलिफोर्निया आणि स्वीडनच्या हवेत कोणाला फारशी सुचणार नाही. मेण ६०-७० अंशाला वितळतं हे खरं, पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडायला लागतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४६ अंशाला उन्हात उभ्या पत्र्याला हात लावून बघा. अशा उन्हात लाँच पॅडवर चार तास थांबलेल्या काळ्या मेणाचा पोर्ट खालच्या टोकाला किती मिमी बसतो, बघायला आग लावायचीही गरज नाही, उभं नळकांडं, तापमान मोजायचं थर्मोकपल आणि व्हर्नियर कॅलिपर पुरतात. या उन्हाळ्यात आम्ही तेवढंच करणार आहोत, दर तासाला पोर्टचा व्यास वर, मधे आणि खाली, तीन ठिकाणी मोजून.